न पाठवलेला फोटो

मित्रांनो, मी म्हातारी दुर्बीण, त्यात आंधळी. सूर्याभोवती घिरट्या घालत असते. जमिनीवरच्या गोष्टी मला कशा कळतात ते विचारू नका. आंधळ्यांना बरंच कळतं.

माझा आरसा बसवला तेव्हा फोटो तपासणारी ताई शेजारी श्वास रोखून उभी होती. तोंडाला मास्क असूनही! मला उजेडापेक्षा ऊब दिसायची. धुळीच्या ढगात जन्मणारा तारा साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची ऊब धुळीतून बाहेर येते. ती टिपायची तर मी स्वतः गारठलेली हवी. म्हणून माझ्या पोटात द्रवरूप हेलियम भरला होता. सहा वर्षं माझं फार कौतुक झालं.

माझी एक खोड होती. प्रखर तारा पाहिला की त्याचा डाग डोळ्यात उरायचा आणि पुढच्या फोटोतही उमटायचा. तो जावा म्हणून चार तास रिकाम्या आकाशाकडे बघत बसायचं, अशी आमची रीत.

शेवटच्या दिवशी मी नुकताच एक प्रखर तारा पाहिला होता आणि हेलियम संपत आला होता. "आज रीत राहू द्या, लगेच वळवा तिला," ताई म्हणाली. मी वळले. धुळीच्या वलयात तान्हा तारा दिसला. त्याला खेटून दुसरा, अगदी पुसट.

"जुळं आहे, सर!" ताईचा आवाज चिरकला.

"डाग आहे," तिचे साहेब म्हणाले. "रीत तूच मोडलीस ना? पुसून टाक."

"अजून एक फोटो घेऊ या ना. डाग असेल तर फिका पडेल."

मी तो घेतला. पण घेता घेता हेलियम संपला, डोळा तापू लागला. तापल्या डोळ्याचा फोटो खाली पाठवायचा नाही, असा मला नियम घालून दिलेला. मी तो मुकाट्याने पाळला. आठवड्याभरात त्यांनी मला बंद केलं.

छापून आला तो एकट्या ताऱ्याचा फोटो. ताई आता निवृत्त झाली आहे. तिच्या भिंतीवर पुसलेला आणि न पुसलेला, दोन्ही फोटो शेजारी शेजारी आहेत.

"आजी, यातला खरा कुठला गं?" नातीने एकदा विचारलं.

"तेच तर कळत नाही, बाळा. घाई मीच केली."

मित्रांनो, काहीही पुसण्याआधी पुन्हा एकदा नीट बघा. आणि बघितलेलं मनात ठेवू नका. मी ठेवलं, आणि बंद पडूनही ते मला सोडत नाही.

तो शेवटचा फोटो अजून माझ्यापाशी आहे. कडा धुरकटल्या आहेत, पण मधे दोघंही आहेत. ताई, दुसरा फिका पडला नव्हता गं.