माझी डावी बाजू

माझ्याकडे वेळ कमी आहे, म्हणून मध्येच अडवू नका. सांगायचं ते सांगून टाकतो. इतकी वर्षं आत दाबून ठेवलंय आणि उद्या रविवार आहे.

मी बुद्धिबळाचं घड्याळ. म्हणजे खरं तर दोन घड्याळं, एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसवलेली. एक चालतं तेव्हा दुसरं गप्प असतं. खेळाडू चाल करतो, माझ्या डोक्यावरचं बटण दाबतो, त्याचं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. बाराच्या जवळ प्रत्येक तबकडीत एक छोटं लाल पातं आहे, त्याला झेंडा म्हणतात. काटा तो उचलत जातो. वेळ संपली की झेंडा पडतो आणि ज्याचा पडला तो हरतो. पटावर वजीर असो, दोन हत्ती असोत, कोणी विचारत नाही.

बघा, किती मोठी जबाबदारी! आणि माझा स्वभाव आधीच घाबरट. लोकांना माझी टिकटिक ऐकू येते, ती माझी धडधड असते हो.

सगुण मास्तरांनी मला मुंबईहून आणलं, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. मास्तर डिचोलीच्या शाळेत गणित शिकवायचे आणि दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाचा क्लब चालवायचे. खोलीत चार मेजं, आठ कदेलां म्हणजे खुर्च्या, आणि एक जनेल, म्हणजे खिडकी. जनेल उघडलं की खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ पटावर बसायची, मिटलं की जीव गुदमरायचा. मास्तर दर वेळी मला फडक्यानं पुसायचे. "हा आपला पंच," असं नव्या पोरांना सांगायचे. मला ऐकून बरं वाटायचं.

आमचं वेगळं राज्य होऊन अजून वर्ष व्हायचं होतं. त्या उन्हाळ्यात राज्य निवड स्पर्धेला डिचोलीतून एकच खेळाडू पाठवायचा, असं पत्र आलं. मग क्लबात भांडणं काय कमी? पत्राला उत्तर मराठीत लिहायचं की कोकणीत यावरच दोन बैठका गेल्या. शेवटी मास्तरांनी दोन्हीत लिहिलं आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

खेळून खेळून शेवटी दोघं उरले. एक जयराम, बांद्याचा, खनिजाचा ट्रक चालवणारा. डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहायचा. बोटांच्या पेरांत लाल माती बसलेली, आधी हात धुवायचा आणि मगच मोहऱ्यांना हात लावायचा. दुसरी चंद्रावती, जवळच्या सर्वण गावची, शेतकऱ्याची लेक. एकवीस वर्षांची, शिक्षिकेचा अभ्यास करणारी. ती विचार करायची तेव्हा डोळे मिटायची. त्यामुळे क्लबातले लोक तिला "सावकाश चंद्रावती" म्हणायचे. ती हसायची, पण एकदा मेज आवरताना मला ऐकू आलं, ती स्वतःशीच म्हणत होती, "खरेंच मंद आसां काय हांव?" ह्या स्पर्धेला जायचं तिनं ठरवलं होतं ते एवढ्यासाठीच. मोठ्या खेळाडूंच्या समोर बसून आपला हात किती चालतो ते तिला एकदा बघायचं होतं. जूनमध्ये अभ्यासासाठी बाहेर जायचं होतं, म्हणजे हे एकच वर्ष हातात होतं.

सहा डाव झाले. तीन-तीन. बरोबरी!

आता जागा एक आणि माणसं दोन. खोलीत नुसता कालवा. कोणी म्हणालं नाणं उडवा. कोणी म्हणालं, काळी मोहरी घेऊन जास्त डाव कोणी जिंकले ते मोजा. मोजले तर तेही सारखे. मास्तरांनी सांगितलं की परदेशात एका मोठ्या सामन्यात बरोबरी सुटेना तेव्हा जुगाराचं चक्र फिरवलं होतं. सगळे "शी!" म्हणाले.

वाचनालयाचे सखारामभाऊ उठून उभे राहिले. "कित्याक इतलो गलाटो? देवळांत कौल घेवया. देवाक पाकळ्यो लावया. उजवी पडली जाल्यार जयराम, दावी पडली जाल्यार चंद्रावती."

अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. आमच्याकडे लग्न, विहीर, घराचा पाया, सगळं असं देवाला विचारून, मूर्तीच्या कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघून. पण जयराम म्हणाला, "देवाक कित्याक मध्ये घालतास, सखारामभाऊ? हरलंय तर देवावर राग धरूचो लागात."

तेव्हा चंद्रावती बोलली. ती फार कमी बोलायची, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"आमच्या घरांत पणस वांटतात तशें करूया," ती म्हणाली. "एकल्यान वांटे करपाचे, दुसऱ्यान उखलपाचो. वांटे करता तो बरोबर करता, कारण उरिल्लो वांटो ताकाच मेळटा."

एकानं फणस कापायचा, दुसऱ्यानं आधी उचलायचं, मास्तरांना ते पटलं. मग त्यांनी फळा पुसला आणि नियम लिहिला. एकच डाव खेळायचा. पांढऱ्याची पहिली चाल, म्हणून त्यानं जिंकायलाच हवं. काळ्याला बरोबरीसुद्धा पुरेल, पण त्याला वेळ कमी. किती कमी? ते जयरामनं ठरवायचं. तो वाटे करणार. मग चंद्रावती हवा तो रंग उचलणार. आणि घड्याळ कोणत्या हाताला ठेवायचं ते नेहमीप्रमाणे काळा सांगणार.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कोणाला नाव ठेवायला जागाच नाही. सखारामभाऊसुद्धा म्हणाले, "हें देवाकय मानवतलें."

डाव पुढच्या रविवारी ठरला. जयराम आठवडाभर ट्रक चालवताना मिनिटं मोजत होता म्हणे.

आणि बुधवारी मी पडलो.

दोष कोणाला देऊ? मास्तर मला पिशवीत घालून स्कूटरवरून घरी नेत होते, तेल घालायला. ट्रकांनी रस्त्याची चाळण केलेली. एका खड्ड्यात पिशवी उसळली आणि मी थेट दगडावर. माझी डावी बाजू, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताची, बंद पडली. मास्तर रस्त्यातच मला कानाला लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघून मला स्वतःपेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

बाजारातल्या गोकुळदासांनी मला उघडलं. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. शनिवारी त्यांनी मला मास्तरांच्या हातात दिलं आणि डोळ्यावरचं भिंग काढून म्हणाले, "मास्तर, दावी बाजू चलता, पूण मात्शी धांवता. हाचें स्प्रिंग म्हजेकडे ना, गजराच्या घड्याळाचें घातलां. पांच मिण्टांनी वीस सेकंद फुडें वता. खरें स्प्रिंग मुंबयच्यान हाडूंक जाय. तोवर खेळाक वापरूं नाकात."

"नाही हो," मास्तर म्हणाले. "म्हापशाच्या क्लबाचं घड्याळ मागवलंय."

रविवार उजाडला. खोली गच्च भरली, जनेलाबाहेरही माणसं. म्हापशाचं घड्याळ आलंच नाही. मास्तर तीनदा रस्त्यावर जाऊन बघून आले. लोक विचारायला लागले, "कितें मास्तर, सुरू करूया मरे!" मास्तरांनी पिशवीकडे बघितलं. मी आत होतो.

नको, नको, असं मी मनात ओरडत होतो. सांगा त्यांना! "घड्याळ पाडलं मी, चूक माझी, डाव पुढच्या रविवारी," एवढी तीन वाक्यं. पण आठवडाभराच्या भांडणानंतर सगळे कुठे एकदा गप्प झाले होते. आता सांगितलं तर म्हणतील, मास्तरांना अमुक जिंकायला हवाय म्हणून अडवतायत. मास्तरांनी मला बाहेर काढलं, मेजावर ठेवलं आणि कपाळावरचा घाम पुसला. वीस सेकंदांत काय आभाळ कोसळतंय, असं त्यांनी मनाला सांगितलं असणार. मी त्यांना ओळखतो, ते वाईट नव्हते.

जयरामनं चिठ्ठी उघडली. पांढऱ्याला पाच मिनिटं, काळ्याला चार. "माका दोनूय वाटे सारखेच दिसतत," तो म्हणाला. "उचल गो."

चंद्रावतीनं डोळे मिटले. "काळी," ती म्हणाली.

"घड्याळ कोणत्या हाताला?" मास्तरांनी विचारलं. ती डाव्या हाताला म्हणाली असती तर माझी पळणारी बाजू जयरामच्या वाट्याला गेली असती. पण उजव्या हाताचं माणूस काय म्हणणार?

"उजव्या."

मास्तर तिच्या उजवीकडे माझ्यासमोर बसले आणि माझी डावी बाजू तिची झाली.

काय सांगू तुम्हाला! ती खेळायची आणि माझं बटण हळूच दाबायची, मला लागू नये अशी. ते बोट उचललं की माझा जीव भांड्यात पडायचा. पण जयरामची चाल होताच माझी डावी बाजू सुटायची. मी स्वतःला आवरायला बघत होतो. दात घट्ट धरले, चाकांचे हो, पण स्प्रिंगपुढे माझं काय चालतं? गजराची स्प्रिंग ती, तिला लोकांना उठवायचीच घाई.

जयराम एका हत्तीनं वर होता, पण त्याचा राजा उघडा पडला होता. चंद्रावतीनं वजिरानं एक शह दिला. मग दुसरा. राजा इकडून तिकडे, तिकडून इकडे, सुटकाच नाही. अजून एक शह दिला की तीच मांडणी तिसऱ्यांदा येणार होती. बरोबरी. आणि बरोबरी म्हणजे ती जिंकली! तिनं क्षणभर डोळे मिटले, खात्री करायला. हात पुढे केला. वजीर उचलला.

आणि माझा झेंडा पडला.

आवाज केवढासा, नखाएवढा. पण सगळ्या खोलीला ऐकू गेला. तिचा हात वजीर धरून तसाच हवेत राहिला. मास्तर माझ्या डाव्या तबकडीकडे बघत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "म्हजो वेळ सोंपलो. हात मंद म्हजो." तिनं जयरामशी हात मिळवला, मोहरी पेटीत भरली, एकही खाली न पाडता, आणि सर्वणला निघून गेली. नंतर ती कधी क्लबात आली नाही.

जयराम स्पर्धेला गेला, दोन डाव जिंकून परत आला. मास्तरांनी मला घरी नेऊन कपाटात वरच्या फळीवर ठेवलं, पाठ बाहेर करून. दर दिवाळीला कपाट पुसायचे, मला उचलायचे आणि न बघता परत ठेवायचे. खरी स्प्रिंग त्यांनी कधी मागवली नाही. गोकुळदास वारले. खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले, क्लबात आता आकडे दाखवणारी घड्याळं आली. मी अंधारात एकच गोष्ट मोजत राहिलो. चार मिनिटांतली तिची पंधरा सेकंदं मी खाल्ली होती आणि तिला वाटत होतं की दोष तिच्या हाताचा.

गेल्या सोमवारी कपाट उघडलं आणि एका हातानं मला वळवून घेतलं. समोर पिकल्या केसांची बाई उभी होती. डोळे मिटून तिनं नाक पुसलं आणि मी ओळखलं. चंद्रावती आता सर्वणच्या शाळेत शिकवते. शाळेतल्या मुलांना बुद्धिबळ शिकवायचं म्हणून जुनं घड्याळ मागायला आली होती. मास्तर खाटेवर होते. तिनं मला काढून त्यांच्याजवळ नेलं. त्यांनी मला तिच्या हातात दिलं, पण सोडेनात.

"वापरण्याआधी तपासून घे," ते म्हणाले. "डावी बाजू. तपासशील ना?"

"कितें जालां मास्तर?"

"तपास तू," एवढंच म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

घरी तिनं मला मेजावर ठेवलं, किल्ली दिली आणि शेजारी मोबाइल लावला. आधी उजवी बाजू. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. मग डावी. मला पळून जावंसं वाटत होतं आणि मी पळतच होतो! झेंडा पडला तेव्हा मोबाइलवर तीन मिनिटं पंचेचाळीस सेकंद झाली होती. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं आणि ह्या वेळी तिचा हात माझ्यावरच होता.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड का केलं ते तिला आता कळलं. मग तिनं पट आणला आणि ती जुनी मांडणी एकेक मोहरं ठेवत लावली. तीस वर्षांत एक प्यादंसुद्धा विसरली नव्हती. वजीर उचलला, पुढच्या घरात ठेवला आणि म्हणाली, "शह."

नंतर तिनं आपला उजवा हात समोर धरला, उलटा-सुलटा करून बघितला. "हात म्हजो मंद नाशिल्लो," ती म्हणाली आणि रडली. मी रडू शकत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

संध्याकाळी तिनं बांद्याला फोन लावला. जयराम ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तुझी पंधरा सेकंदा इतकी वर्सा माझ्याकडे रवली." पुढे म्हणाला, "आयतवारी येतंय. डाव थांबलो थयसूनच म्होरां खेळू. चाल तुझी." मग दबक्या आवाजात विचारलं, "मास्तरांक सांगूया?"

"मास्तरांचेच घरा खेळूया," चंद्रावती म्हणाली. "तेय इतलीं वर्सां घड्याळाक पाठ करून बसल्यात."

उद्या रविवार. ती मला मास्तरांच्या खाटेशी नेणार आहे. माझ्या डाव्या तबकडीवर तिनं कागद चिकटवलाय, त्यावर लिहिलंय, "ही बाजू पुढे पळते." वाचताना मास्तरांचं काय होईल ह्या विचारानं मला आत्तापासून धडधडतंय.

तुम्हाला एकच विनवणी. बरोबरी सोडवायला नियम खुशाल चांगले करा, फणसासारखे वाटे करा, रंग निवडा, हात निवडा. पण डाव मांडण्याआधी मला एकदा कानाला लावा. मी मुद्दाम खोटं बोलत नाही हो. मला फक्त गप्प बसवलं जातं.

उद्या किल्ली देऊ नकोस, चंद्रावती. डोळे मीट, हवा तेवढा विचार कर, आणि मग वजीर ठेव. तुझी वेळ संपली नव्हती.