बाभळीच्या दांडीवरचे पाच शेर

मित्रांनो, मी अकोल्याच्या बाजारात कापूस तोलणारी एक जुनी दांडी आहे. बार्शीटाकळीच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. टांगायची कडी माझ्या एका टोकाजवळ. तिच्या अलीकडे दोन बोटांवर गाठोड्याचा आकडा. पलीकडच्या लांब बाजूवर पाच शेरांचे लोखंडी वजन सरकवायचे. ते सोळा बोटांवर नेले की आकड्यावर मणभर, म्हणजे चाळीस शेर कापूस तोलला जाई.

माझा मालक शालिकराम मापारी. विलायतेत कापसाचा तुटवडा पडला त्या सालांत पार हिवरखेडहून गाड्या येत. दोन तोलांच्या मध्ये तो वजन काढून बायकोच्या, माणिकबाईच्या हातात देई. खाली ठेवले तर काळी माती चिकटे, वजन वाढे आणि शेतकरी भांडत. म्हणून ती हात कोपरात दुमडून ते तळहातावर धरी. असे तीन हंगाम गेले.

एका दुपारी ती म्हणाली, "हात तुटून राह्यला माहा."

"पाच शेराले रडतं काय वं? लेकरू याच्याहून जड रायते."

"लेकरू कमरेवर असते, असं तयहातावर नाई!"

गाडीवाले हसले. शालिकरामने पुढचे गाठोडे अडकवले.

चौथ्या दिवशी वजन तिच्या हातातून सुटले. तिला हात वर उचलवेना. त्याने तिचे कोपर चाचपले. आतल्या बाजूला दोन बोटांवर दोरीसारखी ताठ शीर लागली. त्याची नजर माझ्या आकड्याकडे गेली; तोही कडीपासून दोनच बोटांवर. मग त्याने तिचा हात माझ्या लांबीने माझ्यावर ठेवला. कडीवर कोपर, तळहात बरोबर सोळा बोटांवर.

"पाच शेर नाई वं," तो हळूच म्हणाला. "त्या शिरेले मणभर ओढा लागे."

"मी काय सांगून राह्यली होती?"

त्याच संध्याकाळी त्याने वजनासाठी खांबाला खुंटी ठोकली. हात मात्र पुरता बरा झाला नाही. तिची वेणी तोच घालू लागला, वेडीवाकडी. दोन वर्षांनी माणिकबाई पटकीच्या साथीत गेली.

आता मी त्याच्या घरात भिंतीला टेकून असते. मित्रांनो, कोणी हात दुखतो म्हणाले तर ओझे केवढे, हे विचारत बसू नका. आधी ते हातातून घ्या. खुंटी ठोकायला शालिकरामला अर्धी घटकाही लागली नव्हती.