चकती कोरडी हवी

मी एक जुनी चेन पुली आहे, मित्रांनो. गेली तीन वर्षं जाळीच्या कपाटात आहे. बाहेर कुलूप आहे. माझ्या हुकाला एक पाटी लटकते, तिच्यावर काय लिहिलंय ते शेवटी सांगेन.

उचलणं हा आमचा खानदानी धंदा. फार पूर्वी नुसता दोर आणि कप्पी होती. हात सुटला की ओझं खाली. मग कुणा डोकेबाजाने एकाच आसावर लहानमोठी दोन चाकं बसवली आणि एकटा माणूस इंजिन उचलू लागला. माझ्या पिढीला पोटात दातेरी चाकं मिळाली, शिवाय ब्रेकची चकती. साखळी ओढून हात सोडला तरी ओझं अधांतरी तसंच राहतं. मात्र ही चकती कोरडी हवी; तेल लागलं की तिची पकड सुटते.

मी दोन भावांच्या इंजिन-दुरुस्तीच्या कारखान्यात अकरा वर्षं राबले. थोरला मोजकं बोलणारा. धाकटा मायाळू. दर शनिवारी तो सगळ्या यंत्रांना तेल द्यायचा आणि हात कधी आखडता घ्यायचा नाही. एका शनिवारी थोरला बाहेर गेला होता. धाकट्याने माझं झाकण उघडलं, कोरडी चकती बघून त्याला माझी कीव आली आणि त्याने तिच्यावरही तेल ओतलं. मला ओरडावंसं वाटलं, पण लोखंडाला वाचा कुठली?

सोमवारी माझ्यावर इंजिन टांगलं. नट बसवायला थोरल्याने खाली हात घातला आणि मी घसरू लागले. कितीही जीव खाऊन धरलं तरी घसरतच राहिले. धाकटा हातसाखळीला लोंबकळला, त्याचे तळवे सोलले, पण ओझं थांबलं. थोरल्याचा हात निघाला. करंगळी मात्र गेली.

मला डोकं नाही, तरी खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. पुली म्हातारी झाली, असं सगळे म्हणाले. धाकटा गप्प राहिला. त्यानेच मला इथे कोंडलं आणि ‘वापरू नये’ अशी पाटी लावली. तेव्हापासून तो कपाटापुढून मान वळवून जातो. मला त्याचा राग येई, आणि दयाही.

आज सकाळी भंगारवाला आला. थोरल्याने कुलूप काढलं. मला उचलणार, तोच धाकटा आडवा आला.

“दादा, तिला देऊ नकोस. चकतीवर तेल मी घातलं होतं.”

थोरल्याने आपला चार बोटांचा हात चोळला.

“आणि तीन वर्षं तिला कोंडून ठेवलंस?”

भंगारवाला रिकाम्या हाताने परतला. थोरल्याने मला परत आत ठेवलं, नवी चकती येईपर्यंत, माझी पाटी पुसली आणि खडू धाकट्याच्या हातात दिला.

मित्रांनो, यंत्राला माया जरूर लावा, पण तेल कुठे घालायचं नाही ते आधी विचारा. आणि चुकलात तर लगेच सांगा. आम्हाला सांगता येत नाही.

कुलूप अजून आहे. पाटीवर आता धाकट्याच्या अक्षरात लिहिलंय : ‘पुली चांगली आहे. चूक माझी होती.’