खिशातले हात

फेनविकला हात काढता येत नाहीत, हे डेस्पिनाला पंधरा वर्षांपासून माहीत होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हात अवघडच असतो, भल्याभल्यांची बोटं केळ्याच्या फणीसारखी येतात. पण ज्याला येत नाही तो शिकतो, नाहीतर निदान गप्प बसतो. फेनविकनं तिसरा मार्ग काढला होता. तो चित्रकलेवर बोलायचा.

ब्रन्सविक या जुन्या कामगारवस्तीतल्या बंद पडलेल्या विणकाम गिरणीच्या तळघरात ही मंडळी जमायची आणि स्वतःला ‘तळघर’च म्हणवायची. कुणी गिटार बडवायचं, कुणी कविता ओरडून म्हणायचं, कुणी हातानं शिवलेल्या वीस पानी पुस्तिका काढायचं आणि त्या एकमेकांनाच वाटायचं. शहराला आपली भीती वाटते, अशी त्यांची समजूत होती. शहराला ते तिथे आहेत हेही ठाऊक नव्हतं. चित्रं मात्र एकटी डेस्पिना काढायची. कार्यक्रमांची पोस्टरं तिची, पुस्तिकांची मुखपृष्ठं तिची, ढोलाच्या कातड्यावरचा आणि पोस्टरांवरचा लांडगासुद्धा तिचाच. पोटासाठी ती सुपरमार्केटच्या पत्रकांत भोपळे आणि ब्रोकोली काढायची, आणि त्याबद्दल तळघरात तिला अधूनमधून टोमणे ऐकावे लागायचे. ब्रॉनविन नावाची कवयित्री तर म्हणायची, ‘डेस, तुझ्या ब्रोकोलीत आत्मा नाही गं.’ ब्रॉनविनच्या कवितांत नुसता आत्माच असायचा, दुसरं काही नसायचं.

तळघराचे नियम दोनच होते, आणि दोन्ही फेनविकनं केलेले. पहिला: कामावर कुणी नाव घालायचं नाही. नाव म्हणजे मालकी, मालकी म्हणजे भांडवलशाही. हे सांगणाऱ्या फेनविकच्या वडिलांचं टूराकच्या श्रीमंत वस्तीत टेनिसच्या मैदानासकट घर होतं, आणि शहरातल्या त्यांच्या कचेरीवर जी पितळेची पाटी होती तिच्यावर फेनविकचंही आडनाव होतं. नावाचा त्याग करायला आधी ते असावं लागतं. दुसरा नियम: भिंतीवर चिकटवलेलं काढायचं नाही. नवं पोस्टर जुन्यावरच लावायचं. त्यामुळे पिठाच्या खळीनं थरावर थर चढत गेले आणि तळघराची लांब भिंत चार बोटांनी जाड झाली. खळ शिजवायची डेस्पिनाच. बाकीच्यांच्या खळीत गुठळ्या व्हायच्या.

मग इतकी वर्षं ती तिथे राहिली कशाला? हा प्रश्न ती स्वतःला दर हिवाळ्यात विचारायची. खरं उत्तर तिला आवडायचं नाही. तिची चित्रं दुसऱ्या कुणाला नकोच होती. भोपळ्यांना हात नसतात, आणि तिला हात काढायचे असत.

ते हात तिच्या आईचे होते. स्टामाटिया याच गिरणीत तिसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं स्वेटरांच्या कॉलरी शिवत होती. तिचा नंबर चौदा. प्रत्येक स्वेटरात शिवणारणीच्या नंबराची चिठ्ठी जायची. कॉलर चांगली बसली तर चिठ्ठी कचऱ्यात. वाकडी गेली तर स्वेटर परत यायचा, मुकादम नंबर पुकारायचा आणि त्या बाईला सगळ्या मजल्यासमोर कॉलर उसवून पुन्हा शिवायला लावायचा. एकदा सुई नखातून आरपार गेली आणि स्टामाटियाचा उजवा अंगठा कायमचा आत वळला. डेस्पिना आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावरच चित्रं काढायची. ‘आई, जरा कप धर,’ ‘आई, जरा मूठ वळ,’ असं चालायचं. ढोलवाला असो, गायिका असो, लांडगा असो, सगळ्यांच्या पंजात तो वाकडा अंगठा यायचा.

गेल्या वर्षी गिरणी विकली गेली. तिथे फ्लॅट होणार होते. तेव्हा डेस्पिना आईच्या डोळ्याच्या पहिल्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होती, त्यामुळे निषेधाचं पोस्टर फेनविकनं स्वतःच काढलं. आयुष्यातलं पहिलं. सूट घातलेला, डुकराच्या तोंडाचा बिल्डर, कपाळावर बिल्डरचं खरं नाव आणि दोन्ही हात खिशात. परत आल्यावर ते बघून डेस्पिना एकटीच हसली. दुसऱ्या कुणाला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

त्यानंतर शहराच्या गॅलरीला अचानक तळघराचा शोध लागला. पाडकामाआधी भिंत आहे तिथेच लोकांना दाखवायची, असं ठरलं. गॅलरीच्या माणसांनी वाफ देऊन थर सुटे केले आणि पंधरा वर्षांची पोस्टरं ओळीनं टांगली. चिकटवलेलं काढायचं नाही हा नियम मोडायला फेनविकला अर्धं मिनिट लागलं. भांडवलशाहीच्या गॅलरीनं फोन केला की तो दुसऱ्या रिंगला उचलायचा. नावाचा नियम मात्र त्यानं कडक ठेवला. पाटीवर ‘तळघर, सामूहिक’ एवढंच, आणि खाली छोट्या अक्षरात ‘संकल्पना: फेनविक’.

डेस्पिनानं त्याला एकदाच विचारलं. आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही आता खरं नाही, डॉक्टर फार आशा देत नाहीत. मुलीनं उभा जन्म कागद काळे केले, पण तिचं नाव कुठे छापलेलं आईनं पाहिलेलं नाही. एका कोपऱ्यात, एकदाच, बारीक अक्षरात का होईना, घालू या का? फेनविकनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. आयत्या बिळावरचा नागोबा मुंगीला निःस्वार्थीपणा शिकवत होता, आणि मुंगीही मान खाली घालून घरी गेली. यामुळे तिला नंतर त्याच्याइतकाच स्वतःचाही राग आला.

उद्घाटनाच्या चार दिवस आधी बिल्डरच्या वकिलाचं पत्र आलं. डुकराचं चित्र बदनामीकारक आहे, काढणाऱ्याचं नाव कळवा, दावा लावायचा आहे. गॅलरीच्या नायरीबाईंनी सांगितलं की जबाबदारी कुणाची ते चित्राशेजारी लिहा, नाहीतर प्रदर्शन होणार नाही. तळघराची तातडीची बैठक बसली. डेस्पिना त्या वेळी आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे होती. तळघरात मतदान नसे, संमती असे. पटलं की दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. ब्रॉनविन म्हणाली, पोस्टर म्हणजे डेसचंच की, दुसरं कोण काढतं इथे? दहा जणांनी बोटं हलवली. हे त्यांना खरंच वाटत होतं. पंधरा वर्षांनंतरही त्यांतल्या एकालाही तिची रेघ ओळखू येत नव्हती. फेनविकला सत्य माहीत होतं. त्यानंही बोटं हलवली. हलवायला त्याचे हात चांगले होते.

संध्याकाळी डेस्पिनाला त्याचा निरोप आला: ‘आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत.’ पाठीशी म्हणजे किती मागे, ते तिला सोबत आलेला चित्राशेजारच्या चिठ्ठीचा फोटो बघून कळलं. ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘हे चित्र डेस्पिना कारवेला यांनी वैयक्तिकरीत्या काढलेले असून तळघर समूह त्याच्याशी सहमत असेलच असे नाही.’

तिनं फोन लावला.

“ते चित्र तुझं आहे, फेन.”

“आपल्यात तुझं-माझं कधी होतं, डेस?”

“होतं की. आता माझं आहे ना, बघ.”

“हे बघ, तुझ्याकडे आहे काय, की ते दावा लावतील? तुझ्यामागे लागून त्यांना काही मिळणार नाही. माझं नाव आलं तर बाबांना ओढतील. जरा व्यवहारानं विचार कर.”

ती त्याच क्षणी नायरीबाईंना सगळं सांगणार होती. पण तोवर आईच्या शेजारणीचा नातू ती चिठ्ठी गॅलरीच्या इंटरनेटवरच्या पानावर बघून आला होता आणि त्यानं आईला सांगून टाकलं होतं की तुमच्या मुलीचं नाव भिंतीवर लागलंय. बाकीचं वाक्य त्यानं वाचलंच नव्हतं. स्टामाटियानं निळा कोट धुवायला टाकला, तिळाची बिस्किटं भाजली आणि गल्लीतल्या पाच बायकांना फोन केले. फोनवर मुलीचा आवाज ऐकताच म्हणाली, ‘डोळा आहे तोवर आलं हो नाव.’  रविवारी उद्घाटनाला आई बघून जाऊ दे, सोमवारी खरं सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्याच्या भिकार चित्राखाली का होईना, आपलं नाव आईला दिसेल, एवढ्यासाठी तिनं ते डुक्कर पत्करलं. स्वतःच्याच नजरेत इतकी हलकी ती आजवर कधी झाली नव्हती.

रविवारी दुपारी तळघर भरून गेलं. लोक वाइनचे प्लास्टिकचे पेले घेऊन भिंतीपुढे डोळे बारीक करून उभे होते. फेनविक मुद्दाम रंगाचे डाग पाडलेला कामगारांचा ओव्हरऑल घालून नायरीबाईंना ‘रेघेचं राजकारण’ समजावत होता. स्टामाटियाला बघताच तो पुढे आला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला की तुम्ही इथे राबलात, किती अस्सल आहे हे.

“आम्ही वर राबलो,” म्हातारी म्हणाली. “इथे खाली उंदीर असायचे.”

मग ती कोटाच्या खिशातून भिंग काढून डुकरापाशी गेली. चिठ्ठीवरचं नाव तिनं एकेका अक्षरावर भिंग थांबवत वाचलं, आणि तिचा चेहरा असा फुलला की डेस्पिनाला वाटलं, चला, झालं, निघू या. पण आईनं भिंग चित्रावर नेलं. डोक्यापासून खाली, खांदे, कोपर, खिसे. खिशांपाशी भिंग थांबलं.

“हे तुझं नाही,” ती म्हणाली.

“आई, हळू बोल.”

“हात कुठायत?”

“खिशात आहेत.”

“तू कधी कुणाचे हात खिशात घातलेस गं? कप धरून धरून माझ्या हाताला रग लागायची.” ती भिंतीच्या कडेनं चालायला लागली, नाक कागदाला लागेल इतक्या जवळून. “हे तुझं. हे तुझं. या लांडग्याला माझा अंगठा दिलाय बघ, मेलीनं. हेही तुझं. यांच्याखाली का नाही नाव?”

लोक वळून बघायला लागले. फेनविक हसतहसत मध्ये पडला.

“मिसेस कारवेला, इथलं कुठलंच चित्र कुणा एकाचं नसतं.”

“मग त्या डुकराखाली हिचं एकटीचं नाव कसं?”

“ते डेसचंच आहे,” ब्रॉनविन मागून म्हणाली. “आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आम्ही पंधरा वर्षं तिचं काम लावतोय.”

“लावताय ना, खळ?” म्हातारी वळली. “ती कागदाच्या पाठीला लावतात. पुढून कधी बघितलंत का?”

 नायरीबाई चष्मा लावून लांडग्याच्या पंजापाशी गेल्या, तिथून ढोलवाल्याच्या मुठीपाशी, मग गायिकेच्या बोटांपाशी. एका ओळीत त्यांनी वीस-पंचवीस वाकडे अंगठे पाहिले. परत येऊन त्यांनी डेस्पिनाला शांतपणे विचारलं की डुक्कर तुम्ही काढलंय का.

आईनं चिठ्ठी वाचलेली होती. नाव पाहून झालं होतं. आता सोमवारपर्यंत थांबण्यात काही अर्थ उरला नव्हता.

“नाही,” डेस्पिना म्हणाली. “मी इतकं वाईट काढत नाही.”

“मग कुणी?”

ती फेनविककडे बघत राहिली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो म्हणाला की हा प्रश्नच चुकीचा आहे, कला ही प्रक्रिया असते, आणि वयस्कर लोकांचा गैरसमज होऊ शकतो, त्यांची नजर अधू असते.

स्टामाटियानं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग मुलीच्या झोळीतून पेन्सिल आणि वही काढून त्याच्यापुढे धरली.

“बाळा, गिरणीत एकीनं आपल्या वाकड्या कॉलरीत माझा नंबर टाकला होता. मुकादमानं भांडण केलं नाही. आम्हा दोघींना सुई-दोरा दिला आणि म्हणाला, शिवा. सगळा मजला बघत होता. दहा मिनिटांत कळलं कोण ते.” तिनं आपला वाकड्या अंगठ्याचा हात त्याच्या नाकासमोर पसरला. “घे. बघून काढ. एकच हात नीट काढलास तर ते डुक्कर तुझं नाही. मग हिचं नाव तिथेच राहू दे, आम्ही जातो.”

  फेनविकनं पेन्सिलीकडे पाहिलं, मग नायरीबाईंकडे, मग आपल्या माणसांकडे. कुणी बोटं हलवली नाहीत. त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं हळूच दोन्ही हात ओव्हरऑलच्या खिशात घातले.

नायरीबाईंनी डुकराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि चिठ्ठी खरवडून काढली.

म्हातारीनं वही मिटून डेस्पिनाच्या हातात दिली.

“चल. स्वतःचं चित्र मात्र हुबेहूब काढलंय हं पोरानं,” ती म्हणाली, आणि बिस्किटांचा डबा काखेत मारून, एकालाही एक न देता, जिन्याकडे निघाली.