काकवीचा थेंब

झुरळ आलं, थेंबापाशी थांबलं, मिशा लावून पाहिल्या आणि परत फिरलं. फिरतानाही घाई नाही. पंगतीत बसण्याआधीच आमटी बिघडल्याचं वासावरून ओळखणारा एखादा पाहुणा असतो ना, तसं.

फणसवाडीतल्या तात्यांच्या शाकाहारी खानावळीत, ओट्याखाली पालथा पडून जयवंत टॉर्चच्या उजेडात हे पाहत होता. मागून दुसरं आलं. त्यानेही मिशा लावल्या, दोन पावलं मागे घेतली आणि तोंड पुसलं. जयवंतला ते फार लागलं. न खाणं वेगळं आणि खाऊन तोंड पुसणं वेगळं.

"काय रे जयवंता?" वरून तात्यांचा आवाज आला. "एकादशी आहे काय त्यांची?"

"बघतोय तात्या."

"तू बघतोयस, तीही तुला बघतायत. परवा नम्रता मॅडम येऊन तिसरीच गोष्ट बघतील."

नम्रता मॅडम फोर्टातल्या एका ऑफिसच्या. तिथल्या लोकांचे रोजचे डबे तात्यांना द्यायचे की नाही, हे त्या स्वयंपाकघर बघून ठरवणार होत्या. वाडीतल्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या झाल्यापासून तात्यांकडे जेवायला चार म्हातारे आणि एक कुरिअरवाला उरला होता. त्यातल्या एका म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, त्यामुळे झुरळांबद्दल तक्रार चौघांचीच होती. डबे मिळाले नाहीत तर दिवाळीपर्यंत शटर खाली, हे तात्या कोणालाही न विचारता सांगत.

जयवंत पेस्ट कंट्रोलमध्ये होता. फवारणीचा माणूस नव्हे, जेलचा. सिरिंजमधून बिजागरीशी, फळीखाली मसुराच्या दाण्याएवढा थेंब ठेवायचा, झुरळाने खायचा आणि मरायचं, असा साधा व्यवहार होता. कंपनीचं जेल मुळातच गोड. त्यात जयवंत घरून आणलेली काकवी घालायचा. हे कंपनीला माहीत नव्हतं, झुरळांना होतं. वीस वर्षांपूर्वी याच ओट्याखाली त्याने पहिल्यांदा काकवीचा थेंब ठेवला होता आणि तात्यांनी सकाळी सुपलीभर झुरळं दाखवून त्याला जिलबी खायला घातली होती. त्यानंतर वाडीतली एकेक खोली त्याची झाली. लोक कंपनीला फोन करून "काकवीवाल्यालाच पाठवा" म्हणत. कंपनीला वाटे, ते त्याचं आडनाव आहे.

गेलं वर्षभर मात्र झुरळं मरत नव्हती. जयवंतने काकवी वाढवली. मग आणखी वाढवली. झुरळंही वाढली.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा नवा मालक वरद. जुन्या मालकांचा मुलगा.

"काका, तात्यांनी एकच स्टार दिलाय. आणि खाली लिहिलंय, की तोही चुकून दाबला गेला."

"परवापर्यंत करतो."

"परवा नाही झालं तर पुढच्या आठवड्यापासून प्रितम फवारणी मारेल सगळीकडे. तुम्ही ऑफिसात बसा, फोन घ्या. एसी आहे."

फोन घ्यायचा म्हणजे दिवसभर लोकांकडून ऐकायचं, की झुरळं मरत नाहीत. तेही थंडगार खोलीत.

दुपारी तो करी रोडला घरी जेवायला आला. चाळीच्या जागी टॉवर झाल्यापासून ते चौदाव्या मजल्यावर राहत. त्याची मुलगी सुरुची प्राणिशास्त्रात एमएससी करत होती आणि त्यासाठी घरात बरणीभर झुरळं पाळून होती. बाप बाहेर मारायचा, मुलगी घरात पोसायची. बरणीतली झुरळं तात्यांच्याच ओट्याखालची, जयवंतनेच आणून दिलेली.

"बाबा, बसा. दाखवते." तिने बरणीत पुठ्ठ्याचा तुकडा सोडला. एका टोकाला काकवीचा थेंब, दुसऱ्या टोकाला सुकटीची पूड तेलात कालवून. विष कशातच नाही. वर काळं फडकं टाकलं.

"माझी सुकट झुरळांका घालतास?" जयवंतची बायको शांती आतून म्हणाली. "मगे आमी काय खावचा?"

थोड्या वेळाने सुरुचीने फडकं उचललं. सुकटीवर गर्दी. काकवीपाशी कोणी नाही.

"यांना गोड कडू लागतं, बाबा."

"डायबेटिस?"

"नाही हो. आधी सगळ्यांना गोड आवडायचं. शंभरात एखाद्याला जन्मतःच नाही आवडायचं. तुम्ही गोडातून विष दिलंत. आवडणारी मेली, नावडणारं एखादं उरलं. ही त्याची पोरं, नातवंडं. जगात बऱ्याच ठिकाणी झालंय हे. आता तर यांची लग्नंसुद्धा मोडतात."

"कोणाची?"

"झुरळांची. नर मादीला अंगातला गोड थेंब चाटायला देतो, तेवढ्यात जमवून घेतो. मादीला तो कडू लागतो, ती निघून जाते. मग ज्या नरांचा खाऊ वेगळा, त्यांचं जमतं."

एका थेंबापायी एवढ्या घरांत एवढं सगळं झालं असेल, याची जयवंतला कल्पना नव्हती.

"दाण्याचं कूट नाही चालणार?" त्याने विचारलं. "तात्यांकडे कांदासुद्धा गुरुवारी चालत नाही गं."

"कुटात तर ती लोळतात, रोजचंच आहे. सुकट त्यांनी कधी पाहिलेली नाही."

"आणि उद्या सुकटीलाही विटली?"

"विटतील ना. पण लागतील काही वर्षं."

जयवंतने मनात आपल्या रिटायरमेंटचा हिशेब केला. जेमतेम जमत होतं.

तो खानावळीत परतला तेव्हा तात्या बाहेरच्या बाकावर तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. आत त्यांची बायको, आनंदीबाई, ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. खडा दिसला की बाजूला. ताटात नुसता तांदूळ उरत चालला होता. जयवंत हातात सिरिंज धरून बघत राहिला. वीस वर्षं आपण झुरळं मारतोय असं त्याला वाटत होतं. तो निवडत होता. फणसवाडीतल्या एकेका ओट्याखालून त्याने गोडखाऊ तेवढी वेचून काढली होती आणि मागे ही ठेवली होती, तोंड पुसणारी.

"काय झालं रे? उभा का?"

"काकू, औषध बदललंय." न सांगता लावता आलं असतं. पण याच घरात त्याने जिलबी खाल्ली होती. "ह्यात सुकट आहे."

आनंदीबाईंचा हात ताटात थांबला. भिंतीवरच्या देव्हाऱ्यात गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण होते. बाहेर पेपरखाली तात्यांचं घोरणं अडलं, परत सुरू झालं.

"झुरळं मरतील?"

"मरतील."

"डबे मिळतील?"

"ते मॅडमवर आहे."

आनंदीबाई उठल्या. दोरीवरचा धुतलेला पंचा घेतला आणि देव्हाऱ्यावरून नीट, कडेपर्यंत ओढला. "हे उठायच्या आत लाव. आणि तू मला काही बोललेला नाहीस."

"नाही."

"मीही विचारलेलं नाही."

जयवंतने एकेक थेंब ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपण काहीतरी वाईट करायला घरात शिरलोय असं वाटलं.

मॅडम यायच्या त्या दिवशी सकाळी सुपली भरली होती. तात्यांनी ती स्वतः गटारापर्यंत मिरवत नेली.

नम्रता मॅडम वेळेवर आल्या. खण उघडले, डबे हलवले, ओट्याखाली वाकून पाहिलं. मग सरळ झाल्या आणि नाक वर केलं.

"कसला तरी वास येतोय."

जयवंतने आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंनी पंच्याकडे. तो अजून देव्हाऱ्यावरच होता.

"कसला?" तात्या म्हणाले. "मला तर नाही येत."

"नाही, येतोय. रत्नागिरीला आजीकडे यायचा असा. काय बरं..."

"चटणी," आनंदीबाई म्हणाल्या. "लसणीची."

"हीच डब्यात देणार ना तुम्ही?"

"रोज!" तात्या म्हणाले. "अहो, आमची खासियत आहे ती."

मॅडम उद्याच कळवते म्हणून गेल्या, आणि वाडीच्या तोंडाशी पोचायच्या आतच त्यांनी होकार कळवला. तात्यांनी तिथल्या तिथे वरदला फोन लावला. "अहो, तुमच्या माणसाच्या काकवीला तोड नाही! वीस वर्षांपूर्वी तीच, आजही तीच! स्टार कुठे दाबायचे सांगा."

मग फोन जयवंतच्या हातात आला.

"काका, काकवी?" वरद म्हणाला. "आपण सगळ्या साइटवर हेच करू. प्रितमला शिकवा."

जयवंतने तात्यांकडे पाहिलं. तात्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभे होते, पंचा कोणी टाकला असं पुटपुटत.

"लावायला मीच जाईन," तो म्हणाला. "प्रितमला फोनवर बसवा. एसी आहे."

निघताना तात्यांनी कोल्हापुरी काकवीची बाटली त्याच्या पिशवीत कोंबली. "संपली की सांग. कमी पडू द्यायची नाही."

आनंदीबाई तांदळाचं ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर जयवंतने साबणाने दोनदा हात धुतले. बाटली उघडली आणि सुरुचीच्या बरणीत पुठ्ठ्यावर एक थेंब सोडला. फडकं टाकून तो वाट बघत बसला. जेवायची वेळ झाली तेव्हा त्याने फडकं उचललं. थेंब होता तसाच होता, गोल, चकचकीत. एक झुरळ त्याला वळसा घालून गेलं.

शांतीने भाकरी वाढली. जयवंतने ताटात काकवी ओतली आणि तुकडा बुडवून खाल्ला. काकवीत काहीच फरक पडला नव्हता.