आतली टिकली

"ह्यो फोन मी पाण्यात घातला असंल तर हा हात हितंच तोडून ठिवतो," आकाराम म्हणाला आणि त्यानं खरोखरच उजवा हात काउंटरच्या काचेवर आडवा ठेवला.

पलीकडं उभ्या असलेल्या धम्मपालनं त्या हाताकडं पाहिलंही नाही. राजारामपुरीतल्या त्या सर्व्हिस सेंटरात चार वर्षं काढल्यावर शपथांची सवय होते. त्यानं फोनचं मागचं झाकण नखानं उचकटलं, बॅटरी काढली आणि खालच्या खाचेत डोकावलं. तिथं मसुराच्या डाळीएवढी एक चकती चिकटवलेली असते. कारखान्यातून येते तेव्हा पांढरी, पाणी लागलं की लाल. कंपनीच्या पुस्तकात तिला ऐसपैस इंग्रजी नाव होतं, सेंटरात सगळे तिला टिकली म्हणत. टिकली लाल दिसली की फोन पुढं उघडायचा नाही. वॉरंटीच्या कार्डावर 'पाणी गेले आहे' असं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि फोन परत द्यायचा. वॉरंटी संपली.

आकारामच्या फोनची टिकली लाल होती.

"पाणी गेलंय, पावणं," धम्मपाल म्हणाला.

"कुठनं गेलं? आन् गेलं तरी काय झालं? तुमच्या डोस्क्यावर काय लिवलंय ते वाचा की!"

धम्मपालच्या डोक्यामागं कंपनीचं रंगीत पोस्टर होतं. साल २००९, आणि कंपनीचा तो पहिलाच स्मार्टफोन. चित्रात तो पाण्यानं भरलेल्या ग्लासात बुडालेला होता, पडदा झगझगीत उजळलेला, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'भिजू द्या बिनधास्त!' त्या पोस्टरखाली उभं राहून रोज पाच-दहा माणसांना सांगायचं, की तुमचा फोन भिजला, सबब आम्ही त्याला हात लावणार नाही. कुणालाही लाज वाटावी असं ते काम होतं. पोस्टर लागल्यावर धम्मपालला पहिले दोन महिने वाटली, मग वाटेनाशी झाली.

आकाराम वीज खात्यात वायरमन होता. आंबा घाटाच्या तोंडाशी त्याची लाईन. खांबावर चढायच्या आधी उपकेंद्रात फोन करायचा, लाईन बंद केली असं तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं, मगच वर जायचं. पावसाळ्यात तिकडं सलग तीन-तीन महिने धार लागते. म्हणून त्यानं मुद्दाम हा भिजला तरी चालणारा फोन घेतला होता.

"परवा खांबाच्या मध्यावर हुतो," आकाराम म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा, की रांगेतले सगळे ऐकायला लागले. "लाईन बंद हाय म्हणाला गडी, म्हणून चढलो. वर गेल्यावर पुन्यांदा इचारावं म्हणून फोन काढला, तर पडदा काळाठिक्कर! मनात पाल चुकचुकली. उतरलो खाली. माझं पाय भुईला टेकलं आन् तारा गुणगुणाय लागल्या. कुणीतरी चुकून लाईन सोडली. आता बोला! जिवासाठी घेतलेला फोन मी पाण्यात बुडवीन व्हय?"

"टिकली लाल हाय, त्याला मी काय करू?" धम्मपालनं पेन उचललं.

"आमच्याकडं आखाडात बरणीतल्या मिठाचं पाणी हुतंय. त्या मिठाला कोण पाण्यात घालाय गेलतं?"

धम्मपालचं पेन कागदावर टेकून थांबलं. तो मलकापूरचा. त्याच्या घरी पावसाळ्यात काडेपेटी चुलीमागच्या उबदार भानवशीवर ठेवावी लागे, नाहीतर काडी पेटत नसे. मीठ तर आई चिमटीनं नाही, पळीनंच वाढायची. हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. आणि आपल्याच शाहूवाडी तालुक्यातनं आलेल्या किती जणांना त्यानं, त्याच टिकलीकडं बोट दाखवून, वाटेला लावलं होतं! आमच्याकडची माणसंच वेंधळी, असं तो सेंटरातल्या पोरांबरोबर हसतही आला होता.

त्यातली एक त्याची सख्खी मावशी होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीची, चिमणाबाईची, लेक साक्षी पुण्यात नर्स म्हणून लागली आणि तिनं आईला याच कंपनीचा साधा फोन आणून दिला. दोन महिन्यांत तो बंद पडला. मावशी एस.टी.नं कोल्हापूरला आली, भाचा तिथंच कामाला आहे म्हणून मोठ्या विश्वासानं. फोन फडक्यात बांधून आणलेला. शेजारी मॅनेजर उभे होते. धम्मपालनं टिकली बघितली आणि म्हणाला, "तुम्ही फोन पाण्यात टाकलाय. खोटं बोलू नका."

तुम्ही! जिनं त्याला कडेवर घेऊन अख्खं मलकापूर फिरवलं, तिला तुम्ही. नातं कळू नये म्हणून. "मी कशाला रं टाकू पाण्यात?" एवढंच मावशी हळू आवाजात म्हणाली, फोन परत फडक्यात बांधला आणि निघून गेली. तिचं घर त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. पण त्या दिवसापासून तो तिच्या दारात गेला नव्हता.

"थांबलासा का? लिवा की," आकाराम म्हणाला. "काय लिवायचं ते लिवा, म्हंजे मी बी मोकळा."

"सोमवारी या," धम्मपाल म्हणाला. "फोन ऱ्हाऊ दे माझ्याकडं."

रविवारी गावी जाताना त्यानं सेंटरातल्या टिकल्यांच्या गुंडाळीतल्या दोन कोऱ्या टिकल्या बरोबर घेतल्या. एक मिठाच्या बरणीशेजारी फळीला चिकटवली, दुसरी भिंतीवरच्या घड्याळाच्या पाठीमागं. बाहेर पाऊस कोसळत होता, पण घरात थेंब नव्हता.

"हे काय लावत बसलाईस?" आईनं, पारूबाईनं, विचारलं.

"बघायचंय. पाणी न लागता लाल हुती का."

दुपारी टिकल्या गुलाबी झाल्या. सोमवारी सकाळी एस.टी.ला निघताना पाहिलं तर दोन्ही लालभडक. कुठल्या कोरड्या गावात बसून कुणा शहाण्यानं ही टिकली बनवली असेल ती असेल, पण तिच्याखाली सही धम्मपालची होती. प्रत्येक कार्डावर, पूर्ण नावानिशी.

"आई, मावशी खरं बोलत हुती."

"कशाचं रं?" आईनं विचारलं.

मावशीनं तीन वर्षांत आईलासुद्धा काही सांगितलं नव्हतं.

आकाराम आल्यावर धम्मपालनं त्याचा फोन आतल्या खोलीत नेला नाही. काउंटरवरच, सगळ्यांच्या देखत, पांढरा कपडा अंथरला आणि स्क्रू काढायला घेतले. सहा स्क्रू, चांदणीच्या आकाराचे. कुणाच्या घरच्या पेचकसानं निघू नयेत म्हणून तसे. त्यानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं कड सोडवत नेली. आत पाणी अडवणारी रबराची बारीक कडी सगळीकडून आपल्या खाचेत नीट बसलेली होती. कोरडी ठक्क. सर्किटवर हिरवट डाग नाही, गंज नाही. आणि मधोमध दुसरी टिकली होती, बाहेरची लाल असताना जी बघायची परवानगी त्याला चार वर्षांत कधी मिळाली नव्हती.

ती पांढरी होती, कारखान्यातून आली तशी.

"बिघडलंय काय मग?" आकाराम वाकून बघत म्हणाला.

धम्मपालनं भिंग डोळ्याला लावलं. पडद्याकडं जाणारी एक चपटी पट्टी तिच्या खोबणीतून अर्धी बाहेर आली होती. कारखान्यात ती कधी पूर्ण बसवलीच नव्हती. चार धक्के बसले आणि सुटली. कंपनीच्या पुस्तकात त्यासाठी अख्खं सर्किट बदला असं लिहिलेलं, आणि पट्टीला कुणी हात लावू नये अशी तंबीही. धम्मपालनं अंगठ्याच्या नखानं ती दाबली. टक् असा आवाज झाला. बॅटरी लावली, आणि पडदा उजळला.

एका नखाचं काम! वेळेवर उतरला नसता तर तेवढ्यासाठी एक माणूस तारेला चिकटून मेला असता, आणि त्याच्या कार्डावर 'पाणी गेले आहे' असं लिहिलं गेलं असतं.

मॅनेजर जयसिंगराव केबिनमधून बाहेर आले. "धम्मपाल, बाहेरची टिकली लाल असताना फोन उघडाय कुणी सांगितलं?"

"आतली पांढरी हाय, साहेब."

"मी आतली इचारली का?"

धम्मपालनं फोन परत जुळवून सहाही स्क्रू आवळले, कूलरचं पाणी ग्लासात घेतलं आणि फोन त्यात सोडला. "अवं, अवं!" आकाराम ओरडला. धम्मपालनं आपल्या फोनवरून त्याचा नंबर लावला. ग्लासातला पडदा झगमगला आणि पाण्यातून घुमल्यासारखा घंटीचा आवाज आला. रांगेतली माणसं टाचा उंचावून बघू लागली. कुणीतरी वर पोस्टरकडं बघितलं, मग सगळ्यांनीच बघितलं.

"पोस्टरवरचं खरं हाय, साहेब," धम्मपाल म्हणाला. "आपुन लिवतोय ते खोटं हाय."

जयसिंगराव त्याला बाजूला घेऊन आवाज खाली आणत म्हणाले, "अरे बाबा, माझ्यावर बी माणसं हाईत. त्यांना काय सांगू? शाहूवाडीच्या समद्या लोकांना परत बोलवू?"

"बोलवा."

"डोकं फिरलंय तुझं. कार्ड लिही, पाणी गेलंय म्हणून. ह्याचा फोन झालाय न्हवं चालू? मग कार्डावर काय हाय त्याच्याशी ह्याला काय करायचंय?"

धम्मपालनं कार्ड ओढलं आणि सावकाश लिहिलं, 'पाणी गेलेले नाही. कारखान्यातला दोष. दुरुस्त केला.' खाली पूर्ण नावाची सही केली. जयसिंगरावांनी ते फाडून दुसरं कोरं कार्ड पुढं केलं. धम्मपालनं त्यावर तेच लिहिलं. तिसऱ्या कार्डावरही तेच. तेव्हा साहेब म्हणाले, "उद्यापासनं येऊ नको."

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र, कंपनीचा निळा एप्रन आणि टिकल्यांची गुंडाळी टेबलावर ठेवली. पेचकसांचा संच मात्र त्याचा स्वतःचा होता, आयटीआयपासूनचा. तो त्यानं खिशात घातला.

बाहेर पायरीवर आकाराम खोळंबला होता. मघाचा आवाज पार बसलेला. "माझ्यापायी तुमच्या पोटावर पाय आला, पावणं."

"तुमच्यापायी न्हाय," धम्मपाल म्हणाला. "आता खांबावर चढायच्या आधी फोन करा आन् वर गेल्यावर बी करा."

तो दुपारच्या एस.टी.नं मलकापुरात उतरला, तेव्हा पाऊस तसाच चालू होता. आपल्या घराकडं न वळता तो दोन गल्ल्या पुढं गेला. चिमणाबाई चुलीपाशी ओली लुगडी वाळवत बसली होती. दारात त्याला बघून ती जरा थबकली.

"आलास व्हय रं? लई दिसांनी वाट सापडली. ये, आत ये की."

"मावशी, तुझा त्यो फोन हाय का अजून?"

ती उठली. ट्रंकेच्या तळातून तिनं एक गाठोडं काढलं. फडकं तेच होतं आणि गाठही बहुधा तीच असावी. धम्मपाल उजेडासाठी उंबऱ्यावर बसला, फडकं मांडीवर पसरलं आणि स्क्रू काढायला लागला. बॅटरी फुगली होती. तीन वर्षं पडून राहिलेला तो फोन आता चालणार नव्हता, हे त्याला हातात घेताच कळलं. तरी त्यानं पार आतपर्यंत, घट्ट बसलेल्या पत्र्याच्या झाकणाखालपर्यंत, उघडला.

"बघ मावशी. ही आतली. पांढरी हाय. पाणी गेलंच न्हवतं."

मावशीनं वाकून पाहिलं. "मला काय दावतोस? मला ठावं हुतं की," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"चारचौघांत तुला खोटं म्हटलं मी."

ती आत गेली आणि रस्त्यावरून आलेल्या कुणालाही आणावा तसा पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन आली. त्याच्याजवळ ठेवणार, एवढ्यात तिची नजर फडक्यावरच्या उघड्या फोनकडं गेली. ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं तांब्या चांगला लांब, पार चुलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवला.

"तकडंच ऱ्हाऊ दे बाबा पाणी," ती म्हणाली. "उघडा हाय न्हवं त्यो."

धम्मपालला पाणी प्यायला उठून तिथवर जावं लागलं.