कोलूला आलेल्या सातजणी

"या, या, बसा," म्हणत कमलाक्षीनं सातहीजणींना शाळेच्या हॉलमध्ये चटईवर बसवलं, हातावर सुंडलचे द्रोणही ठेवले. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ह्या त्याच सोमाली बायका, ज्यांना फाटकातूनच परतवायचा हुकूम होता.

दोष तिच्या हातांचा. नवरात्र होतं, हॉलमध्ये बाहुल्यांचा कोलू मांडला होता, आणि दशावतारांच्या खालच्या पायरीवर यंदा कोणीतरी मातीची पेप्सीची बाटलीही बसवली होती. कोलू बघायला आलेल्या बाईला कोण-कुठली विचारायचं नाही, चण्याचं सुंडल, म्हणजे कोरडी उसळ, द्यायची, ही तंजावरची रीत. एरवी शाळेच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या कमलाक्षीकडं नवरात्रात हेच काम असे. गेल्या वर्षी वीज तोडायला आलेला माणूसही सुंडल खाऊन, वीज न तोडता गेला होता.

शाळेच्या मालकीण सरोजा मॅडम धावत आल्या. दोघी राजवाड्यामागच्या मराठी घरांतल्या. त्यामुळं रागवायचं असलं की मॅडम मराठीत रागवत, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

"कमळे, ह्यांना आंत कोण घेतलें?"

"मीच, अक्का. सुंडल दिऊन जाहलें."

"परत घे की!"

"खाल्लेंत, अक्का."

आता इलाज नव्हता. देवीपुढं बसून खाल्लेल्या बाईला उठवणार कोण?

लढाईतून जीव वाचवून आलेली ही माणसं. मोठी मुलं इथल्या कॉलेजात, म्हणून बिऱ्हाडं इथं. त्यांच्यातल्या अकरावीतल्या लिबाननं वर्गमित्राचा दात पाडला होता. दाताची चौकशी झाली. त्याआधी लिबानला काय म्हटलं गेलं, त्याची कोणी केली नाही. मॅडमनी त्याला काढून टाकायचं ठरवलं. आणि शाळा सुटली की शिक्षणापायी मिळालेली ह्या देशात राहायची परवानगीही सुटणार होती, म्हणून ह्या सातजणी रदबदलीला येत होत्या.

कमलाक्षी हळदीकुंकू घेऊन पुढं गेली. सातजणींतली थोरली हालिमो, तिनं छातीवर हात ठेवून कुंकू नम्रपणे नाकारलं, मोगरा मात्र घेतला. इतक्यात कोपऱ्यातून शेषम्मा पाट्टी ओरडली. पाट्टी म्हणजे आजी; ही शाळेची जुनी गाण्याची टीचर. तिला ऐकू कमी यायचं आणि हुकूम सोडायची सवय गेली नव्हती.

"अम्मा, ओरु पाट्टु पाडुंगो! कोलूला आलात, एक गाणं म्हणा!"

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला. येत नाही म्हणतील, लाजतील, जातील.

हालिमो उठली.

त्यांच्या मुलखात बायकांनी गाऱ्हाणं पद्यात घालायची रीत आहे, हे कमलाक्षीला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की एकीनं सुंडलचं रिकामं पातेलं ओढून पालथं घातलं आणि ठेका धरला. हालिमो एक ओळ आपल्या भाषेत गाई, मग तीच मासळीबाजारात शिकलेल्या तमिळमध्ये, घासाघीस करावी तशा आवाजात, एकेकीकडं बोट दाखवत.

लिबानला पहाटे मी उठवते. त्याची भाकरी ही भाजते. तापात ही जागते. ही त्याला चोपते, दात पाडला त्या दिवशीही चोपला. त्या पोराच्या दारी आम्ही गेलो. त्याच्या आईनं आधी दार लावलं, मग कॉफी दिली.

शेषम्मा पाट्टी मांडीवर ताल धरू लागली. कमलाक्षीनं विधवापणी दोन मुलगे वाढवले होते, आणि मूल हे एकटीनंच ओढायचं गाडं असतं, अशी तिची पक्की समजूत होती. इथं एकाच गाड्याला सातजणींनी खांदा दिला होता, वर ठेक्यात!

"पण त्याची आई कोण तुमच्यात?" मॅडमनी विचारलं.

पातेलं थांबलं.

"ती केनियात, निर्वासितांच्या छावणीत आहे," हालिमो गाणं सोडून म्हणाली. "ती येईपर्यंत आम्ही."

कमलाक्षीनं त्या कचेरीत आजवर 'होय अक्का'पलीकडं काही म्हटलं नव्हतं. तोंड उघडल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"अक्का, दसऱ्याला आपण नवीं पोरें घेतोंच की शाळेत."

"घेतों. तीन वर्षांचीं."

"वरचें वय कोठें ठरवलेंय?"

मॅडमनी तिच्याकडं पाहिलं, कोलूतली एखादी बाहुली बोलावी तसं. मग पातेल्याकडं पाहिलं.

"आधी त्या पोराची माफी मागू दे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मग दसऱ्याला आणा."

लिबाननं माफी मागितली. त्याला काय म्हटलं होतं, तेही मॅडमनी त्या मुलाकडून वदवून घेतलं, आणि मग त्यालाही माफी मागायला लावली.

दसऱ्याला लिबान आला. सहा फुटी देह मुडपून भोकाड पसरलेल्या पोरांच्या रांगेत बसला. पुढ्यात तांदळाचं ताट. मुलाचं बोट धरून आईनं पहिलं अक्षर काढून घ्यायचं असतं. हालिमोनं बोट धरलं, दुसरीनं हालिमोचं मनगट, तिसरीनं तिचं. ज्यांचा हात पोचेना त्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवला. तांदळात तमिळ 'अ' उमटला, जरा वाकडा.

त्याच्या उजवीकडं चटईवर त्यांनी एका माणसापुरती जागा सोडली होती. गर्दी दाटली, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, तरी तिथं कोणी बसलं नाही. एक मूल रांगत तिकडं निघालं, तेव्हा कमलाक्षीनं त्याला अलगद उचलून कडेवर घेतलं.